औदुंबराभोवती चपला घालून

चंद्रभागावहिनींशी भांडायचं असेल तर आधी पोटभर जेवून जावं. भांडण लांबतं, आपल्याला मध्येच भूक लागते आणि त्या मात्र तशाच ताज्या असतात. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, स्वभावाने तिरसट, त्यामुळे आम्हाला विषय कमी पडत नाहीत. तरीही आमच्या सातपूरच्या कॉलनीत मनापासून कोणाला नमस्कार करावासा वाटत असेल, तर तो याच बाईला. त्यांच्यासमोर मी हे कधी बोलणार नाही. लगेच म्हणतील, "नमस्कार ऱ्हाऊ द्या मास्तर, चार फेऱ्या मारा."

वहिनी नांदगावकडच्या, शेतकऱ्याघरच्या. त्यांचे यजमान नाथाभाऊ बोराडे इथल्या एका कारखान्यात लेथवर होते. माहेरी मैलभरावरून पाणी आणणारी ही मुलगी लग्न होऊन आली ती थेट घरात नळ असलेल्या खोलीत. तेव्हा तिला स्वर्गात आल्यासारखं वाटलं होतं म्हणे. आमची सगळी कॉलनी अशीच बसत गेली. आईबाप उन्हात राबले आणि आम्ही खुर्चीवर, दुचाकीवर, टीव्हीपुढे बसलो. रविवारी सकाळी मिसळ, मिसळीवर जिलेबी आणि जिलेबीवर दुपारची झोप. साखर निघाली की गोळी चालू करायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा मिसळीला जायचं, हा आमचा उपचार.

नाथाभाऊ त्यातच गेले. आधी डोळे अधू झाले, मग मूत्रपिंडं गेली, मग डायलिसिस. वहिनी त्यांना रिक्षात घालून न्यायच्या आणि ते आत असेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. एकदा मी सोबत गेलो होतो. त्या बाकावर बसलेल्या माणसांकडे बघत मला म्हणाल्या, "मास्तर, इथं सगळी आपलीच माणसं हायेत. कोणी सिन्नरचं, कोणी निफाडचं, कोणी आपल्याच गल्लीतलं. गावाकडं माणूस काम करून झिजायचा. इथं बसून बसून झिजला." मी मान हलवली. मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो.

पण नाथाभाऊंच्या तेराव्याला कळलं की बाई नुसती बोलत नव्हती. तेरावा म्हणजे गोडाचं जेवण. बुंदी नाही तर निदान शिरा तरी पानात पडला पाहिजे, त्याशिवाय सुतक फिटत नाही अशी आपली समजूत. वहिनींनी पानात भाकरी, पिठलं, मेथीची भाजी आणि काकडी वाढली. दीर उठून उभे राहिले. गोड कुठंय म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "ज्याला साखरेनं नेलं त्याच्या नावानं साखर वाढू? जेवायचं तर जेवा, नायतर हात धुवा." अर्धी पंगत हात धुऊन गेली. मी जेवलो. पिठलं फार चांगलं झालं होतं.

त्यानंतर त्यांचं लक्ष गेलं ते कॉलनीच्या मधल्या मोकळ्या मैदानाकडे. मैदान म्हणायचं एवढंच. मंडपवाल्याचे बांबू, चाकं नसलेली रिक्षा, कोणाच्या तरी बांधकामाचा उरलेला राडारोडा आणि कमरेएवढं गाजरगवत. मधोमध एक जुना औदुंबर आणि त्याच्याखाली दत्ताच्या पादुका, तेवढीच जागा स्वच्छ. ती झिपरूबाबा झाडायचे. झिपरूबाबा हे कारखान्यातून सुटलेले पहारेकरी. पुजारी त्यांना कोणी नेमलं नव्हतं, पण त्यांना हटवण्याची कोणाची हिंमत नव्हती.

वहिनींनी मंडपवाल्याला सांगितलं, बांबू उचल. त्याने हसून सोडून दिलं. वहिनी त्या बांबूंवर पापड, कुरडया आणि गल्लीतल्या सगळ्या घरांच्या गोधड्या वाळत घालू लागल्या. लग्नसराईत त्याची माणसं बांबू न्यायला यायची तेव्हा आधी बायकांच्या गोधड्यांच्या घड्या घालत बसायची. शेवटी त्याने बांबू दुसरीकडे हलवले. रिक्षाचा मालक, राडारोड्याचा मालक, सगळे असेच एकेक करून टेकीला आले. महापालिकेच्या कचेरीत त्या डबा घेऊन जायच्या आणि साहेबाची वेळ होईपर्यंत तिथल्या शिपाईबाईंबरोबर जेवायच्या. वर्ष सरता सरता मैदानाला कठडा आला, बाकडी आली, औदुंबराभोवती आणि कडेकडेने सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून प्रत्येकीला मेथीची जुडी दिली. माझी बायको ती बघून आठवडाभर हसत होती, पण भाजी केलीच.

मैदान झालं, पण बायका येईनात. पुरुष यायचे, बाकड्यांवर बसून राजकारण करायचे आणि बसल्याजागी वजन वाढवून घरी जायचे. बायकांचं म्हणणं सरळ होतं. कामाशिवाय बाई गोल गोल फिरताना दिसली तर लोक काय म्हणतील? तिकडे गंगापूर रोडच्या बंगल्यांकडे बूट घालून फिरतात त्या बायका वेगळ्या. समोरच्या घरातल्या कलाबाई तर चिडल्याच. कलाबाई म्हणजे वहिनींची जुनी मैत्रीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलेल्या. अंगाने भारी, साखर वाढलेली, आणि दारातल्या खुर्चीतून उठायला तयार नाही. म्हणाल्या, "फिरायला येऊ? मी काय रिकामटेकडी हाय?"

तेव्हा वहिनींनी डोकं लढवलं. गुरुवारी औदुंबराला प्रदक्षिणा घालायला बायका येतात, हे त्या दर आठवड्याला बघत होत्या. तिथे सासू अडवत नाही, नवरा विचारत नाही, लोक हात जोडतात. वहिनींनी जाहीर केलं की रोज संध्याकाळी दत्ताच्या प्रदक्षिणा. पहिल्या दिवशी तीन बायका आल्या. महिन्याभरात गल्ली रिकामी होऊ लागली. बायका झाडाजवळून फेरे घालू लागल्या की वहिनी सगळ्यांना कठड्यापर्यंत ढकलायच्या. "देव मोठा, तर त्याचा फेरा पण मोठा पायजे." झिपरूबाबांना हे शास्त्र कुठलं ते कळेना, पण देवापुढे गर्दी वाढली म्हणून ते खुशीत होते.

आणि खरंच फरक पडला. गल्लीतल्या बायकांच्या साखरेचे आकडे उतरू लागले. चहाबरोबर साखर वेगळी वाढायची पद्धत पडली. बायकांच्या मागोमाग लाजत लाजत पुरुष चालू लागले, त्यात मीही होतो. कलाबाईंना घराबाहेर काढायला वहिनी रोज त्यांच्या दारात उभ्या राहायच्या, "चल, देव वाट बघतोय." कलाबाई कण्हत उठायच्या. पुढे पुढे त्याच आधी येऊन थांबू लागल्या. मी वहिनींना तेव्हा एकदा म्हणालोसुद्धा, की तुम्ही देवाला कामाला लावलंत. त्या म्हणाल्या, "त्याला कुठं दुसरं काम हाय?"

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. प्रदक्षिणा म्हटल्यावर सगळ्या अनवाणी चालत होत्या. देवाभोवती चपला घालून कोण फिरतं? कठड्याशी चपलांचा ढीग पडायचा, आणि आम्हाला ते बघून बरंच वाटायचं. साखर मुरलेल्या माणसाच्या पायाला हळूहळू काही कळेनासं होतं, हे कोणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र करून पाहिल्या नव्हत्या.

वैशाखात एका गुरुवारी कलाबाईंना संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. फेरा चुकायला नको म्हणून त्या भर दुपारी एकट्याच मैदानात गेल्या. पेव्हर ब्लॉक तव्यासारखे तापलेले. सगळ्या प्रदक्षिणा नेमाने पूर्ण केल्या आणि लग्नाला गेल्या. पायाला काहीच कळलं नाही, त्यामुळे बघायचं कशाला? दोनतीन दिवसांनी त्यांची सून तेजस्विनी पांढरी फरशी पुसत होती, तर तिला खोलीभर एकाच पायाचे ओले ठसे दिसले. तिने सासूचा तळवा वर करून बघितला. दुसऱ्या पायावर नुसते फोड होते, पण हा सगळा तळवा फुटलेला, जखम चिघळलेली, आणि कलाबाई विचारतायत, "काय गं, काय झालं?"

डॉक्टरांनी दोन बोटं काढली. पाय राहील की नाही ते सांगायला ते तयार नव्हते. दवाखान्याच्या व्हरांड्यात कलाबाईंचा मुलगा भारत वहिनींसमोर उभा राहिला. मुलगा तसा गरीब स्वभावाचा, आवाज न चढवता बोलला. "काकू, आई घरात बसून होती तेव्हा निदान दोन्ही पायांवर होती. तुम्ही बाहेर काढली तिला." भांडणात ज्यांना कधी उत्तर शोधावं लागलं नाही, त्या बाईला मी त्या दिवशी भिंतीला टेकून उभी राहिलेली पाहिली. मला फार वाईट वाटलं. भारतचाही राग आला आणि त्याचं चुकलंय असंही म्हणता येईना.

परत येताना वहिनींनी औदुंबरापाशी रिक्षा थांबवली, पादुकांपुढे गेल्या, चपला काढल्या आणि घरी अनवाणी आल्या. कला स्वतःच्या पायांनी येऊन इथे प्रदक्षिणा घालेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा नवस त्या बोलल्या होत्या. मी कपाळावर हात मारून घेतला. कारण साखर त्यांनाही होती.

"वहिनी, ज्याने तिचा पाय गेला तेच तुम्ही करताय," मी म्हणालो.

"चूक माझी हाय, मास्तर. मग पाय पण माझाच पोळू दे."

माणूस हट्टाने वागतो तेव्हा भांडता येतं, अपराधाच्या भावनेने वागतो तेव्हा नाही.

इकडे मैदान ओस पडलं. डॉक्टरांनी वहिनींना सांगून ठेवलं होतं की साखर असलेल्या माणसाने एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही. वहिनींनी आधी सोपा उपाय केला. प्रदक्षिणा बंद, म्हणाल्या, कडेकडेने चपला घालून नुसतं चाला. कोणी आलं नाही. नुसतं चालायचं म्हणजे पुन्हा रिकामटेकडेपणाच आला. प्रदक्षिणाच हवी होती, आणि तीही चपला घालून. म्हणजे झिपरूबाबा आले.

बाबा काठी आपटून म्हणाले, "जोडे घालून देवाला फेरा? मी जित्ता असेस्तोवर नाय."

वहिनी पादुकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बाबा, ह्या काय हायेत?"

"पादुका हायेत."

"म्हंजे देवाच्या खडावा. काट्याकुट्यातून हिंडायचं म्हणून देवानं घातल्याच ना पायात? त्याला कोणी म्हणलं काढ? आन् त्याच्या लेकींनी घातल्या की बाटतंय?"

बाबा काठी घेऊन तडक निघून गेले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, मास्तर, बोर्ड रंगवा. पादुकांच्या ओट्यावर चढताना जोडे काढायचे, खाली फरशीवर फिरताना घालायचे, असं लिहा. मी चांगल्या ठळक अक्षरांत लिहून दिलं.

बाबा मानले, पण बायका मानेनात. बोर्ड वाचायच्या आणि मग वहिनींच्या पायांकडे बघायच्या. वहिनी मैदानाच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येकीला चपला घाला म्हणायच्या, आणि स्वतः पावसाच्या चिखलात अनवाणी. एक जण तोंडावर म्हणाली, "तुम्ही देवासाठी काढल्या, आणि आम्ही देवासमोर घालायच्या?" त्यात तिचं काय चुकलं? वहिनींनी चप्पल घातली तर नवस मोडतो आणि कलाबाईंच्या पायाचं काही वाईट झालं तर जन्मभर ते मनात राहणार. नाही घातली तर कॉलनी पुन्हा खुर्चीत बसणार. त्या दोन्हीकडून कोंडल्या होत्या आणि त्यांना ते कळत होतं. पावसाळाभर मी भिंतीपलीकडून त्यांना एकट्याच फेरे घालायला जाताना ऐकत होतो. चपलेचा आवाज नाही, नुसता दाराचा.

कलाबाईंचा पाय वाचला. बोटं गेली, पण पाय राहिला. दसरा झाल्यावर, ऑक्टोबरचं ऊन रणरणत असताना, एका गुरुवारी तेजस्विनी त्यांना हाताला धरून मैदानात घेऊन आली. पायात मऊ, जाड तळाच्या, मागून पट्ट्याच्या काळ्या चपला, मधुमेहाच्या लोकांना देतात तशा. मागे भारत. बातमी लागल्यासारख्या गल्लीतल्या बायका येऊन कठड्याशी उभ्या राहिल्या. वहिनी धावतच आल्या. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

कलाबाईंनी त्यांच्या पायांकडे बघितलं. "चप्पल कुठंय तुझी?"

"तू फेरा घाल, मग घालते. नवस हाय."

"कोणासाठी?"

"तुझ्या पायासाठी."

कलाबाई बाकड्यावर बसल्या आणि वाकून स्वतःच्या चपलेचा पट्टा सोडू लागल्या. तेजस्विनी म्हणाली, आई, काय करताय. त्यांनी सुनेचा हात बाजूला केला. बोटं गेलेला तो पाय तापल्या फरशीवर ठेवला आणि उठून उभ्या राहिल्या. "तू अनवाणी तर मी पण अनवाणी. चल, घालू फेरा."

"कले, घाल ती चप्पल."

"तू घाल. तुझा पाय गेला तर मला रोज घरातून कोण उठवायचं?"

"देवाला शब्द दिलाय गं मी."

"देव बघून घेईल. मला पायाखालचं कळत नाय, चंद्रभागे. भाजतंय का नाय ते पण ठाऊक नाय. किती वेळ उभं करतीस सांग."

वहिनींनी एकदा पादुकांकडे बघितलं, एकदा त्या पायाकडे. "मोडला नवस," त्या ओरडल्या. "पाप लागलं तर मला लागू दे. पाय उचल तो आधी." पण घालायला चप्पल कुठे होती? तेवढ्यात झिपरूबाबांनी ओट्याखाली काढलेल्या आपल्या टायरच्या चपला पायानेच पुढे सरकवल्या. वहिनींनी त्या घातल्या. त्यांच्या पायाला दोन्ही होड्यांएवढ्या होत होत्या. भारतने खाली बसून आईच्या पायात चप्पल चढवली, पट्टा लावला आणि मान वर न करताच म्हणाला, "काकू, हळू न्या."

दोघी निघाल्या. वहिनींच्या चपला फटक फटक वाजत होत्या. अर्ध्या फेऱ्यात कठड्याशी उभी असलेली एक बाई चपलांसकट आत आली, मग दुसरी, मग माझी बायको. मीही चालू लागलो.

एक फेरा झाल्यावर कलाबाई थकून बाकड्यावर बसल्या. वहिनींनी खाली बसून त्यांची चप्पल सोडली, पाय मांडीवर घेतला आणि तळवा बोटाबोटाने तपासला. कुठे लाल नव्हता, कुठे फोड नव्हता.

"आता तुझा दे," कलाबाई म्हणाल्या.

"माझ्या पायाला काय धाड भरलीय?"

"दे म्हणते ना."

वहिनींनी पाय वर केला. तळवा भेगाळलेला, टाचेशी मळ बसलेला. कलाबाईंनी पदराने तो पुसला, आणि मध्येच थांबल्या. टाचेच्या जरा पुढे तळव्यात बाभळीचा काटा मोडून रुतलेला होता. भोवतालचं मांस काळं पडलं होतं.

"हा कधी मोडला गं?"

"कुठं काय मोडलंय?"

कलाबाईंनी काट्याभोवती अंगठ्याने दाबलं, आधी हळू आणि मग जोराने. आम्ही सगळे बघत होतो. त्या बराच वेळ दाबत राहिल्या.

"दुखतंय का?"

"नाय," वहिनी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. नाथाभाऊंच्या तेराव्यालाही न रडलेली ती बाई मैत्रिणीच्या मांडीवर पाय ठेवून रडू लागली.

कलाबाईंनी तिला रडू दिलं. मग भारतला हाक मारली आणि म्हणाल्या, "गाडी काढ. काकूला दवाखान्यात न्यायचंय. आन् उद्यापास्नं तिला उठवायला मी जाईन."